रोवण्याआधीची बोटं

आमच्या केशोरीकडे वर्षाच्या तारखा कॅलेंडरावर कमी आणि धानाच्या बांधीत जास्त असतात. माझ्या पासपोर्टची मुदत होळीला संपत होती आणि मुलीचं दुसरं बाळंतपण दिवाळीच्या सुमारास दुबईत व्हायचं होतं. दिवाळी आधी येते, होळी नंतर. म्हणजे पासपोर्ट चालतो, असा आमच्या घरचा सरळ हिशोब.

"होळीपर्यंत मुदत आहे ना वो, कायले जीव काढून राहिली? धान कापून झाल्यावर पाहू," नवरा म्हणाला.

मग मुलीनं फोनवर सांगितलं, निघताना पासपोर्टवर सहा महिने शिल्लक लागतात आणि दिवाळीला चारच उरतात. ती एवढंच बोलली. पहिल्या बाळंतपणाला मी गेले नव्हते. धान कापणीला आलं होतं, मजूर मिळत नव्हते, मी विळा उचलला. नातवाचं तोंड पाहिलं ते बांधीत उभं राहून, मोबाइलवर. मुलगी कधी बोलून दाखवत नाही, आणि तेच मला जास्त लागतं. फोन ठेवला आणि ठरवून टाकलं, पासपोर्ट नवा करायचा तो आत्ताच, रोवण्याच्या आधी.

आधीच का, ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. रोवण्यात महिनाभर चिखलात वाकून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावले की बोटांवरच्या रेघा पार झिजतात. रोवण्याच्या दिवसांत रेशन दुकानातलं यंत्र माझा अंगठा ओळखतच नाही, नवऱ्याला पाठवावं लागतं. पासपोर्टला बोटं उमटवायची असतात, आणि तिथे नवऱ्याचा अंगठा कामाचा नाही.

अर्ज भरला, पण तारीख मिळाली ती नेमकी रोवण्याच्या पहिल्या आठवड्यातली. इटियाडोह धरणाचं पाणी कालव्याला आलं होतं, चिखलणी झाली होती. पऱ्ह्यांची पहिली मूठ घरच्या मोठ्या बाईनं लावायची. तीस वर्षं ती मीच लावत आले. या वेळी धाकट्या जावेच्या हातात दिली आणि बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहिले. ती कसली सोडते!

"काऊन वो बाई, यंदा धुऱ्यावरूनच रोवून राहिली का?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, पण पाय शिवशिवत होते आणि लाजही वाटत होती. तरी उतरले नाही. घरी भांडी घासली नाहीत, हातांना रोज खोबरेल चोळलं.

"नवरी होऊन राहिली का?" नवऱ्यानं विचारलं.

"दुसऱ्यांदा आजी होऊन राहिली," मी म्हटलं. ठरल्या दिवशी तो स्वतःच स्टेशनपर्यंत सोडायला आला.

नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयात बोटं पदराला पुसून काचेवर ठेवली. सगळी बोटं पहिल्याच खेपेला उमटली. यंत्रापाशी बसलेली मुलगी माझ्या मुलीच्याच वयाची होती. ती सहज म्हणाली, "छान उमटली, काकू. शेतात जात नाही वाटतं तुम्ही?"

मी बोटं काचेवरून उचलली.

"या वेळी नाही गेली," मी म्हटलं. "मागच्या वेळी गेली होती."

ती हसली आणि तिनं पुढच्या बाईला हाक मारली.