आमच्या सेक्शनकडे जर्मनी होता

अफगाणिस्तानचा हुकूम आला तेव्हा आमची प्लाटून सॅलिसबरीजवळच्या बरॅकमध्ये होती. मी साताऱ्याकडचा. कॉव्हेंट्रीला शिकायला आलो आणि शिक्षण अर्धवट टाकून ब्रिटिश सैन्यात भरती झालो. घरात आजोबांपासून सगळे फौजेतले, त्यामुळे कोणी फारसं रागावलं नाही. आमच्या आठ जणांच्या सेक्शनचा कमांडर कॉर्पोरल निखिल हा कॉव्हेंट्रीतच जन्मलेला. प्लाटूनमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच. ड्यूटीवर तो मला झापायचा, ड्यूटी संपली की आईने दिलेला थालीपिठांचा डबा माझ्यापुढे सरकवायचा. असा वरिष्ठ मला पुन्हा मिळाला नाही.

सकाळी पीटी, मग रेंजवर गोळीबार, दुपारी फर्स्ट एड, असा क्रम चालला होता. निघण्याआधीच्या गुरुवारी मात्र लेफ्टनंटसाहेबांनी कुकहाउसमध्ये चार टेबलं मांडली. साहेब केंब्रिजला इतिहास शिकून आलेले.

"आज आपण पहिलं महायुद्ध टाळायचं," ते म्हणाले.

ऑस्ट्रिया सार्जंटकडे, रशिया आणि फ्रान्स इतर दोन सेक्शनकडे, जर्मनी आमच्याकडे. निरोप फक्त चिठ्ठीने पाठवायचा. हेल्मेट आणि वेबिंगचे पट्टे चढवून उभं राहिलं की सैन्य निघालं असं समजायचं, आणि एकदा उभं राहिलं की बसता येत नाही. शेजारी आधी तयार झाला आणि तुम्ही मागे राहिलात, तर तुम्ही हरलात. चार वाजेपर्यंत जो देश युद्धाबाहेर राहील, त्याला शुक्रवारी दुपारपासून सुट्टी. बाकीच्यांनी शनिवार-रविवार हत्यारं साफ करायची.

निखिलने माझं मनगट धरलं. शनिवारी त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं, आणि तो एकुलता एक.

"अरे, मग सार्जंटकडे leave माग ना," मी म्हणालो.

"कसा मागू? सगळ्यांचीच mum वाट बघते. I'm section commander, यार. आपण ही game जिंकू. Simple."

सर्बियाला दम भरणारी चिठ्ठी ऑस्ट्रियाने फिरवली. रशियाच्या टेबलावर कुजबुज झाली आणि दोघंतिघं हेल्मेटं चाचपू लागले.

"थांब, चिठ्ठी पाठवू," मी म्हणालो.

"चिठ्ठी वाचेपर्यंत they'll be ready. आपण late झालो तर संपलं."

"अरे, ते नुसतं बघतायत."

"मला घरी जायचंय, महेश."

आणि त्याने आवाज चढवला, "Two Section, stand to!"

आम्ही उभे राहिलो. सैनिकाला उभं राहायला सांगितलं की तो उभा राहतो. तेच शिकवलेलं असतं. आम्हाला बघून रशिया उठला. फ्रान्सने रशियाला आधीच शब्द दिलेला, म्हणून फ्रान्स उठला. म्हातारा सार्जंट शिवी घालून हेल्मेट चढवू लागला. अजून जेवणाची वेळही झाली नव्हती.

साहेबांनी विचारलं, "युद्ध कोणाला हवं होतं?" एकही हात वर झाला नाही. "सुट्टी कोणाला हवी होती?" सगळे हात वर.

मग ते बोलले. राजपुत्रावरची गोळी ही ठिणगी. गवत त्याआधी कित्येक वर्षं वाळत पडलं होतं. एकमेकांना दिलेली वचनं, चढाओढीने बांधलेल्या युद्धनौका, मिनिटामिनिटाला बांधलेली रेल्वेची वेळापत्रकं, आणि आपण मागे राहू ही भीती. मी ऐकत होतो. निखिल हेल्मेट मांडीवर घेऊन खाली बघत बसला होता. मला तो त्या क्षणी फार लहान वाटला.

शनिवारी आम्ही रायफली पुसत होतो. निखिल कपडे वाळवायच्या खोलीत गेला आणि फोन स्पीकरवर टाकून उभा राहिला. पलीकडून गुरुजी मंत्र सांगत होते, हा ओल्या गणवेशांमध्ये उभा राहून चाचरत म्हणत होता. हात तेलाने काळे. सार्जंट ओरडायला म्हणून आत आला, ऐकलं, बाहेर गेला आणि दार लावून घेतलं. नंतर निखिलला म्हणाला, "तू मला विचारलं का नाहीस, गाढवा?"

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. तिसऱ्या महिन्यात एका कालव्याच्या काठी पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला. रेडिओवर आवाज आला, "Man down. Two Section commander." मी मागच्याच वळणावर होतो. पोचलो तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सैन्य सोडल्यापासून दरवर्षी मी त्याच्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी कॉव्हेंट्रीला जातो. पहिल्याच वर्षी काकूंनी, निखिलच्या आईने, चहा पुढे ठेवून विचारलं, "खरं सांग महेश. वर्षश्राद्धाला त्याला सुट्टी मिळाली नाही, की त्याला यायचंच नव्हतं? मी फोनवर त्याच्याशी धड बोललेसुद्धा नाही रे."

मी सगळं सांगितलं. टेबलं, चिठ्ठ्या, हेल्मेटं, सगळं.

"काकू, तुमच्याकडे यायला मिळावं म्हणून त्याने अख्खा युरोप पेटवला."

त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. मला त्याची इतकी आठवण आली की चहा तसाच राहिला.

मग त्यांनी माझ्या बोटात दर्भ घातला. आधी मी त्याच्या वडिलांना पाणी दिलं, मग त्याला.