स्कुटी माझी, फोटोत तो

"ए बाई, उतर खाली. किल्ली दे इकडं."

केजच्या चौकात, भर बाजाराच्या दिवशी. मी किल्ली काढायच्या आत पोलिसानंच हात घालून काढली. पायापाशी तेलाचा डबा, मागं भाजीचं पोतं. होस्टेलातल्या पोरींचा रातचा सैपाक व्हायचा व्हता. त्यानं हातातल्या मशीनीवर गाडीचा नंबर टाकला आन् वर बघितलं. कुणाचं मंगळसूत्र तोडून पळालेली बाई सापडावी, तसं बघितलं.

"पावत्या संपंनात की तुझ्या! दंड बुडवून मिरवतीस व्हय गं?" मग त्यानं माझं गाव वाचलं. आमचं अख्खं गाव ऊसतोडीला जातंय, हे सगळ्या तालुक्याला ठावं हाय. "कोयतेवाले ना तुमी? उचल बुडवायची, दंड बुडवायचा. लाजबिज कायी हाय का न्हाई?"

माणसं थांबली. आमच्याच वस्तीतली एक बाई तोंड फिरवून गेली. मी म्हणलं, "साहेब, मला एकबी मेसेज आला न्हाई."

"सगळे आसंच म्हणत्यात."

माझे कान तापले. रडू येत व्हतं, पर मी रडले न्हाई.

ही स्कुटी म्हंजी काय, ते सांगते. घर सासऱ्याच्या नावावर. ऊसतोडीची उचल, म्हंजी हंगामाआधीच घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर. नवरा-बायकोच्या जोडीला उसाच्या फडात 'एक कोयता' म्हणत्यात, आन् त्या कोयत्याचं नावबी नवऱ्याचंच. माझ्या नावावर जल्मात पहिली चीज आली ती ही स्कुटी. पुढं पिवळ्या अक्षरात पोरीचं नाव काढून घेतलं, प्रांजल. ह्या स्कुटीच्या जीवावर मला यंदा होस्टेलात सैपाकाचं काम लागलं. पहाटं तिथं पोचावं लागतंय, त्या टायमाला ना यष्टी ना जीप. स्कुटी हाय तवर काम हाय. काम हाय तवर फडात जायचं न्हाई, आन् पोरीची शाळा सुटत न्हाई.

म्हणून मी जागची हलले न्हाई. म्हणलं, "साहेब, मला पावतीवरला फोटो दावा."

"हे बघ. गाडी तुझीच ना?"

गाडी माझीच. पुढं पिवळं 'प्रांजल'. बीडचा रस्ता. गाडीवर तिघं. हँडल धरलेला काळ्या चष्म्याचा पोरगा दादाचा. पोलिसानं बोट सरकवलं. दुसरा फोटो, परत त्योच. तिसरा, परत त्योच. फोटोंवरच्या सगळ्या तारखा आमी फडात व्हतो त्या दिवसांतल्या.

दादा म्हंजी आमचा मुकादम. गावात जमीन त्याची, तोडीला टोळी नेणारा त्योच. मी त्याला लग्न होऊन आल्यापासून राखी बांधते. आमच्याकडं रीतच हाय, तोडीला निघायच्या दिवशी वस्तीतले सगळे आपापल्या गाड्या दादाच्या शेडात लावत्यात आन् दोन्ही किल्ल्या त्याच्या ओसरीतल्या खिळ्यावर अडकवत्यात. सहा महिने कुलूपबंद वस्तीत गाडी कोण ठिवणार? मीबी ठिवली. वर हात जोडून म्हणलं, दादा, बॅटरी उतराया नगं, मधी मधी चालू करत जावा.

आन् मेसेज? स्कुटी घेतली तवा एजंटानं फोन नंबर मागितला. आमची सिमं दर हंगामाला बंद पडत्यात, फडातनं रिचार्ज कोण मारणार! दादा शेजारी हुबा व्हता. म्हणला, "माझाच टाका. भाऊ हाय मी तिचा." मला लई भरून आलतं तवा.

पोलिसानं नंबराचे शेवटचे आकडे वाचून दावले. मला आधीचे सांगायची गरज न्हवती. फडात कुणी तापानं फणफणलं की आमी ह्योच नंबर लावायचो.

स्कुटी चौकीत ठिवून घेतली. तेलाचा डबा आन् भाजीचं पोतं रिक्षात घालून होस्टेलात पोचले, सैपाक उरकला, आन् तशीच दादाच्या ओसरीपुढं जाऊन हुबी ऱ्हायले. त्यो च्या पीत व्हता. मला बघून हसला. "ये गं, बस."

मी बसले न्हाई. "दादा, माझ्या गाडीच्या दंडाचे मेसेज तुमाला येत व्हते?"

"येत व्हते की. लई येत व्हते. म्हणलं, तुला कशाला ताप!"

असं म्हणला त्यो. बशीत च्या ओतत म्हणला. पंधरा दिवसांआधी मी त्याला राखी बांधलती. त्यानं ओवाळणीत साडी घातलती मला. त्याच फोनवर त्यानं आमचा फोटो काढलता, आन् त्याच फोनात माझ्या नावाचे दंड पडून व्हते.

"मग कावून न्हाई सांगितलं?"

"आगं, पोरगं हाय ते. घरची गाडी समजून नेली. भरून टाकू की. तू यंदाची उचल घे, त्यातनं वळतं करू. होस्टेलात काय ठिवलंय? मला कोयते कमी पडायलेत."

तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरानं गाडी उडवली, ती पोराची मस्ती. पर बापाला ह्यो दंड कामाचा व्हता. दंडापायी स्कुटी गेली की माझं काम जाणार. काम गेलं की मी परत त्याच्या ट्रॅक्टरात. भाऊ म्हणून ज्याच्यापुढं ओवाळणीचं ताट धरलं, त्यो माझ्या गळ्यातला कासरा हातात धरून बसलता.

वहिनी दारातनं म्हणली, "राखीचं नातं हाय. चारचौघात तमाशा नगं."

"चारचौघात माझा झालाच की, वहिनी. केजच्या चौकात झाला." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "दादा, फोटोत मी न्हाई. दंड मी भरणार न्हाई. तुमच्या उचलीतून तर मुळीच न्हाई."

दादाची बशी थांबली. "गाडी कुणाच्या नावावर हाय? कायदा शिकवतीस मला?"

मी ओसरी चढले. तोडीवरनं आल्यावर मी एकच किल्ली नेलती; दुसरी खिळ्यावर अजून तशीच व्हती, वस्तीतल्या बाकीच्यांच्या जादा किल्ल्यांत. कुणाला न इचारता काढून घेतली. माझीच किल्ली चोरल्यागत घ्यावी लागली, ह्याचीच मला लई चीड आली.

घरी नवरा घाबरला. "दादाला तोडून गावात कसं ऱ्हायचं?" मी म्हणलं, "तुमाला जायाचं तर जावा. अर्धा कोयता म्हणून जावा. मी ट्रॅक्टरात पाय ठिवणार न्हाई." त्यो रातभर कूस बदलत व्हता. मीबी जागीच व्हते.

दुसऱ्या दिवसापास्नं अंधारातच पायी निघते. टाचा सोलल्यात. आरटीओत जाऊन नंबर बदलायचा अर्ज दिला, आता माझा नंबर. त्याचा रिचार्ज मी उपाशी ऱ्हाऊन मारीन. स्कुटी अजून चौकीच्या आवारात उन्हात हाय. कवा सुटंल, कुणी सांगत न्हाई. वस्तीतल्या बाया बोलायच्या बंद झाल्यात. दादाचा माणूस दोनदा येऊन गेला.

काल चौकीत तक्रार द्यायला गेले. तिथला साहेब चांगल्या मनानं म्हणला, "बाई, फोटोतला कोण, त्याचं नाव लिहावं लागतंय. पोरगं मोठ्या घरचं दिसतंय. एकदा लिहिलं की मागं घेता येणार न्हाई. इचार कर."

म्हणलं, "इचार झालाय, साहेब. लिहा."

आन् मी दादाच्या पोराचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, पार बाहेर हुबा असलेल्या दादाच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात.