तडा गेलेला निळा बाउल

मैत्रिणींनो, आमच्याकडची शनिवारची भेळ आठवते ना? हे मोठ्या निळ्या बाउलमध्ये कालवायचे आणि आपण उभ्या उभ्याच संपवायचो.

हे गेले त्या सकाळी तो बाउल त्यांच्या हातून पडला आणि त्याला तडा गेला.

आता मी घर बदलतेय. आज सकाळी लेकीनं, अनघानं, तो कचऱ्यात टाकला. म्हणाली, "फुटकं भांडं घरात ठेवू नये, हे तूच शिकवलंस ना, आई?"

दुपारी लायब्ररीत एक छोटी डॉक्युमेंटरी पाहिली. युद्धात छप्पर उडालेलं चर्च गावानं पाडलं नाही, दुरुस्तही केलं नाही. स्मारक म्हणून तसंच जपलं.

घरी येऊन मी बाउल कचऱ्यातून बाहेर काढला.

"त्यात ठेवणार काय?" अनघानं विचारलं.

"काही नाही."

तर सामानाची वाटणी अशी: डिनर सेट अनघाचा. तुमच्यापैकी पुरणयंत्र सुनीतानं न्यावं, सोऱ्या वैशालीनं. बाउल माझ्याबरोबर येईल आणि माझ्यानंतर नातीकडे जाईल, तड्यासकट.