मोहरीलकाकू आणि ९०८९९

मीनाक्षी मोहरील या बाईंनी माझी डुलकी वेळेसकट, टाइप करून, तीन प्रतींत नोंदवून ठेवली आहे. त्यामुळे त्यांच्याबद्दल मी अगदी निःपक्षपातीपणे लिहीन अशी अपेक्षा कुणी करू नये.

१९८६ सालची गोष्ट. अमेरिकेत ॲन आर्बरला मी मानसशास्त्रात पीएच.डी. करत होतो आणि हातखर्चासाठी मुलांच्या एका लहानशा क्लिनिकमध्ये काम धरलं होतं. ऑटिझम असलेल्या मुलांवर तिथे वर्तनोपचार व्हायचे. नाव भारदस्त, काम असं: बुटक्या टेबलाशी बुटक्या खुर्चीवर बसायचं, समोरच्या मुलाला ‘हात वर कर’ म्हणायचं, केला की एक बेदाणा द्यायचा आणि कागदावर खूण करायची. नाही केला तर पुन्हा म्हणायचं. दिवसाचे सहा तास, आठवड्याचे पाच दिवस. आम्ही तिघं विद्यार्थी दोन-दोन तासांच्या पाळ्या करायचो. संध्याकाळी स्वतःच्या जेवणाच्या ताटासमोर माझा हात आपोआप वर जायचा.

काकू पुढच्या ऑफिसात इन्शुरन्सचे क्लेम भरायच्या. अमेरिकेत येण्याआधी त्या नागपूरला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होत्या. तिथे गुळाच्या ढेपीपासून लोखंडी पलंगापर्यंत प्रत्येक मालाचा वर्ग ठरलेला. इथे डॉक्टरच्या प्रत्येक कृतीला पाच आकडी कोड. ‘‘एकच काम आहे रे,’’ त्या म्हणायच्या. ‘‘तिथं पोतं होतं, इथं पेशंट आहे.’’ कोडांचं जाडजूड पुस्तक त्यांनी दोन महिन्यांत पाठ करून टाकलं. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, खुर्च्या उचलताना मंडळातल्या पुरुषोत्तमकाकांच्या पाठीत उसण भरली. बाकीचे बाम शोधत होते, तेव्हा काकूंनी त्यांना उसणीवरच्या उपचाराचा कोड सांगितला. काका बिचारे कण्हत कण्हत ‘थँक यू’ म्हणाले.

स्वभाव म्हणाल तर कडक. उशीर झाला की घड्याळाकडे न बघता माझ्या बुटांकडे बघायच्या, आणि मला बर्फाचे ठसे उमटवत आल्याबद्दल अपराधी वाटायचं. पण डब्यात माझ्यासाठी एक जास्तीची पोळी रोज असायची, आणि त्याबद्दल आभार मानलेले त्यांना मुळीच चालायचे नाहीत.

त्या थंडीत आमच्याकडे क्रिस्टा पावलाक नावाची चार वर्षांची मुलगी होती. बोलत नव्हती, कुणाच्या जवळ जात नव्हती, माणसांना खांबासारखं वळसा घालून जायची. तिची आई शहराची बस चालवायची, आणि काकू रोज त्याच बसनं यायच्या. त्यामुळे एकीच्या मुलीची आणि दुसरीच्या गुडघ्यांची सगळी खबर दोघींना असायची.

फेब्रुवारीत इन्शुरन्स कंपनीनं क्रिस्टाचा क्लेम परत पाठवला. दोष पुस्तकाचा होता. आम्ही जे करत होतो त्याला पुस्तकात कोडच नव्हता. जवळात जवळचा म्हणजे ९०८४४: एका माणसाला पंचेचाळीस ते पन्नास मिनिटं मानसोपचार. क्लिनिक तो दिवसाला सात वेळा लावत होतं. कंपनीनं कळवलं, दिवसाला एकच मिळेल. चार वर्षांच्या मुलीला सात वेळा मानसोपचार कशाला? महिनाअखेरपर्यंत समाधानकारक खुलासा आला नाही, तर उपचार बंद. बस चालवण्याच्या पगारात रोजच्या सहा तासांचा खर्च भागणं शक्य नव्हतं, हे सांगायला कुणी हिशेबनीस नको होता.

आमचे डॉक्टर हॅलोरन मनानं चांगले, पण कागद दिसला की त्यांना घाम फुटायचा. ते म्हणाले, ‘‘सातही वेगवेगळ्या तारखांना दाखवू. रविवारसुद्धा धरू.’’

‘‘रविवारी क्लिनिकला कुलूप असतं,’’ काकू म्हणाल्या. विषय संपला.

मग त्यांनी पुस्तकातल्या मानसोपचाराच्या यादीचं शेवटचं पान उघडलं. ९०८९९. यादीत न बसणारी मानसोपचार सेवा. ‘‘प्रत्येक यादीच्या तळाशी ‘इतर’ असतं. अर्धी दुनिया त्याच्यातच बसते,’’ त्या मला म्हणाल्या. अट एवढीच, की या कोडासोबत काय केलं, किती वेळ केलं आणि का केलं याचा अहवाल लागतो. डॉक्टरांनी तो लिहिला. दोन ओळींचा. ‘पेशंटमध्ये सुधारणा होत आहे. उपचार आवश्यक आहेत.’ काकूंनी तो वाचला, घडी केली आणि टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सारली.

दुसऱ्या दिवशी त्या खोलीत आल्या. कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर साडी सावरून बसल्या, मांडीवर वही, मनगटावर घड्याळ. तीन दिवस, सहा सहा तास. घड्याळ बघत नुसत्या लिहीत राहिल्या. मी पहिल्या दिवशी त्यांच्यासाठी जरा जास्तच उत्साहानं शिकवलं, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी मात्र आदल्या रात्री जागून लिहिलेला युनिव्हर्सिटीचा पेपर अंगावर आला.

शुक्रवारी अकरा पानं टाइप होऊन तयार होती. डॉक्टर वाचता वाचता लाल झाले आणि मला बोलावून सातव्या पानावर बोट ठेवलं. ‘दुपारी २:४० ते २:४४. शिकवणारा श्री. प्रसन्न झोपला.’

मी तडक काकूंच्या टेबलाशी गेलो. ‘‘काकू, हे काय लिहिलंय?’’

‘‘झोपला नव्हता का तू?’’

‘‘डुलकी होती! चार मिनिटं! अठरा तासांतली चार मिनिटं तुम्ही इन्शुरन्स कंपनीला सांगताय? माझं करिअर आहे यार इथं!’’

‘‘यार म्हणू नको मला. पुढची ओळ वाच.’’

‘‘पुढची ओळ गेली खड्ड्यात. ही कॅन्सल करा.’’

तोवर डॉक्टरही आले होते. मुलगी चावली तेही यात आहे, ते म्हणाले, टेबल उलटलं तेही आहे, मंगळवारचा पूर्ण एक तास काहीच झालं नाही तेही आहे. असा अहवाल कुणी पाठवतं का? काकूंनी टाइपरायटरवर कव्हर घातलं. ‘‘मालधक्क्यावर शंभर पोती आली आणि एक भिजलेलं असलं, तर आम्ही ‘एक भिजलेलं’ असा शेरा मारायचो. म्हणून बाकीची नव्याण्णव कोरडी आहेत यावर पुढचं स्टेशन विश्वास ठेवायचं. सही करा, डॉक्टर.’’

डॉक्टरांनी सही केली. काकूंसमोर बहुतेक लोक करायचे. मी आठवडाभर पोळी घेतली नाही. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्या ती पोळी शांतपणे स्वतः खात.

महिना संपायला दोन दिवस उरले असताना फोन आला. मिसेस पावलाक दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात युनिफॉर्मवरच कंपनीचा काही निरोप आला का ते विचारायला आली होती. काकूंनी तिला बसवलं आणि फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे कंपनीच्या तपासनीस बाई होत्या, आवाजावरून साठीच्या, सर्दी झालेल्या. अहवाल त्यांनी दोनदा वाचला होता. आणि त्यांना म्हणे झोपलेल्या माणसाशी बोलायचं होतं.

मला आतून बोलावून आणलं. माझ्या हातात बेदाण्यांची वाटी तशीच होती.

‘‘तुम्ही झोपला होतात, हे खरं?’’

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी अजिबात मदत केली नाही. ‘‘खरं आहे,’’ मी म्हणालो.

‘‘छान. म्हणजे त्या वेळी तुम्ही मुलीला काही सांगत नव्हतात. हातानं इशारा करत नव्हतात. खाऊ दाखवत नव्हतात.’’

‘‘नाही.’’

‘‘तीस वर्षं हे कागद वाचतेय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सगळ्या अहवालांत सगळी मुलं सुधारत असतात. हे मात्र मला ऐकायचंय.’’ आणि त्यांनी ती पुढची ओळ वाचली, जी मी रागाच्या भरात वाचलीच नव्हती. ‘‘दोन एकेचाळीस. मुलगी खुर्चीवरून उठून शिकवणाऱ्याजवळ गेली. त्याची बाही ओढली. दोन बेचाळीस, पुन्हा ओढली. तो उठला नाही. दोन त्रेचाळीस ते दोन चव्वेचाळीस, त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. तिला कोणी सांगितले नव्हते.’’

पलीकडे बाईंनी नाक शिंकरलं. मग म्हणाल्या, ९०८९९ मान्य, दिवसाचे सहा तास, सहा महिने. त्यानंतर पुन्हा अहवाल हवा, आणि तोही, हा ज्यानं लिहिला त्यानंच लिहिलेला हवा. काकूंनी ‘येस, मॅडम’ म्हणत ते सगळं लिहून घेतलं, तारीख घातली, फोन ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याहून जास्त लाज वाटली. साडेचार महिने मी त्या पोरीला दिवसातून पन्नास-साठ वेळा ‘माझ्याकडे बघ’ म्हणत होतो, दर बघण्याला एक बेदाणा मोजत होतो. आणि ती कशाचीही अपेक्षा न ठेवता, आपणहून, पहिल्यांदा एका माणसाकडे आली, तर तो माणूस मान टाकून घोरत होता.

मिसेस पावलाक उठून माझ्यासमोर आली. बस चालवून राकट झालेल्या हातानं तिनं माझी बाही धरली.

‘‘खरंच बघत होती? कशी बघत होती?’’

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘मी झोपलो होतो.’’

काकूंनी तिला खांद्याला धरून स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्यासमोर खाली, जमिनीवर मांडी घातली. दुखरे गुडघे, साडी, सगळं विसरून.

‘‘मी सांगते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी जागी होते.’’