चोरचोळी

माझं तोंड सुजलं तेव्हा आमच्या गावाला फार आनंद झाला. "काय गं, चांगली अंगानं भरलीस की!" म्हणत बायका माझ्या गालांकडे कौतुकानं बघायच्या. मला आरशात वेगळंच दिसायचं. गाल वर येऊन डोळे बारीक झालेले, मानेमागे मांसाचा उंचवटा, पोट पुढे, आणि हात मात्र काटकुळे. स्टेरॉइडचं तोंड होतं ते. पण कर्जतच्या डोंगराकडच्या आमच्या गावात सुनेचं तोंड गोल झालं म्हणजे ती सुखात आहे, विषय संपला. या गोळीनं राग वाढतो, असं डॉक्टर म्हणाले होते. माझा राग मी माहेरून आणलेला आहे, त्याचं श्रेय गोळीला द्यायचं काही कारण नाही.

माहेर माझं खोपोलीचं, शिळफाट्याजवळ. मी खालापूरच्या एका शाळेत शिकवते, रोज स्कूटीवरून जाते-येते. त्यामुळे गालांवर लाल चट्टे उठले तेव्हा सगळ्यांनी ते उन्हावर ढकललं, मीसुद्धा. मग बोटं आखडायला लागली. सकाळी खडू धरता येईना, वेणी घालता येईना, कुकरचं झाकण लावायला नवऱ्याला हाक मारायची वेळ आली. कोणी म्हणालं चिकनगुनिया, कोणी म्हणालं वात. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी सतरा तपासण्या केल्या आणि ल्युपस म्हणून सांगितलं. अंगाचं रक्षण करणारी शक्तीच अंगावर उलटते. आधी कातडी आणि सांधे, मग आतलं. "म्हणजे घरातलंच भांडण," नवरा म्हणाला. मला हसू यावं म्हणून बोलला बिचारा. मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली.

डॉक्टरांनी तेव्हाच विचारलं, "गर्भपात झालाय कधी?" झाला होता, दोनदा. त्यांनी मान हलवली. या आजारात होतं असं, म्हणाले. आणि मला दोन्ही वेळा लोकांनी ऐकवलं होतं की स्कूटी चालवलीस म्हणून झालं. मी ते खरंही मानलं होतं. त्या खुर्चीत बसून मला इतका संताप आला की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

गोळ्यांचं तर विचारूच नका. एक गोळी दुखण्याची, बाकीच्या त्या गोळीच्या. स्टेरॉइडनं सांधे सुटले, मी पुन्हा खडू धरला. पण त्यानं हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम, पित्त खवळतं म्हणून उपाशीपोटी आणखी एक. मलेरियाची एक जुनी गोळीही यात देतात, तिच्यासाठी दरवर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा. मग लघवीतून प्रथिनं जायला लागली, तेव्हा किडनीसाठी वेगळ्या गोळ्या. त्यांचा डोस वाढवला तशा सकाळी उलट्या व्हायला लागल्या. शिवाय ताकीद अशी की या चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळात व्यंग येतं. "मुलाचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाले. त्या नंतरच्या आशेवर मी वर्ष काढलं.

दिवाळीनंतरच्या खेपेला त्यांनी रिपोर्ट दोनदा उलटून पाहिले. प्रथिनं जायची थांबलेली नव्हती. आता सलाईनमधून इंजेक्शन द्यावं लागेल, म्हणाले, दर महिन्याला, जोरकस औषध. केस गळतील, ते परत येतील. "पण अंडाशयावर परिणाम होऊ शकतो. तुमचं वय चौतीस, पाळी कायमची थांबण्याची शक्यता आहे. ते वाचवायला आणखी एक इंजेक्शन देऊ, पण मी खात्री देत नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर किडनीची खात्री देत नाही."

ठरवून या, म्हणाले. परत येताना नवरा सगळी वाट एकच वाक्य बोलला, "तू म्हणशील तसं." मला ते वाक्य घाटात फेकून द्यावंसं वाटलं.

सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. आईला कशाला टेन्शन, म्हणून नवऱ्यानं त्यांना फक्त सांध्याचं दुखणं सांगून ठेवलं होतं. तेही पुरलं असतं, पण आमच्याकडे चोरचोळी नावाचा प्रकार आहे. सुनेला दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात तिला हिरवी चोळी द्यायची, ओटी भरायची, गोड घास भरवायचा, आणि हे सगळं चोरून. बाहेर कळलं तर दृष्ट लागते. म्हणून घरातसुद्धा कोणी तसा शब्द काढत नाही. सुनेला विचारतही नाहीत. सासूनं ओळखायचं आणि उरकून टाकायचं.

आमच्या सासूबाईंनी ओळखलं होतं. सून सकाळी ओकते, दुपारी वखवखल्यासारखी खाते, पाळी दोन-दोन महिने लांबते, उन्हात शेतावर येत नाही, नवऱ्याबरोबर दर महिन्याला डॉक्टरकडे जाते. लग्नाला आठ वर्षं झालेली. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

शनिवारची सकाळची शाळा करून घरी आले तर मधल्या खोलीत पाट मांडलेला. सासूबाई आणि माझ्या चुलतसासू दार लोटून घेऊन उभ्या. "बस गं बाय. काय बोलू नको." मला वाटलं, कुठला तरी नवस राहिला असेल. बसले. हळदकुंकू झालं. हिरवा खण मांडीवर आला, त्यावर नारळ, तांदूळ. मला तोवरही उमगलं नव्हतं. मग चुलतसासूंनी माझ्या पोटावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "मुलगाच हाय बघ."

मी ताडकन उठले. तांदूळ सगळीकडे सांडले. "मला काही झालेलं नाही! हे पोट नाही, औषध आहे औषध! गोळ्यांनी सुजलेय मी!" चोरून करायचं ते मी अख्ख्या आळीला ऐकवलं. चुलतसासू चपला घालून गेल्या. सासूबाई खाली बसल्या आणि तांदूळ वेचायला लागल्या. ओटीचे तांदूळ पायाखाली येऊ नयेत, म्हणून एकेक दाणा पदरात. मीही शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. आजार, किडनी, इंजेक्शन, पाळीचं, सगळं.

त्यांनी शेवटचा दाणा पदरात टाकला. मग म्हणाल्या, "मंग ती सुई घेऊ नको. आदी पोर होऊ दे, मंग काय पन घे."

"आणि तोवर किडनी गेली तर?"

"माजी घे. मला या वयात दोन कशाला?"

"असं चालत नाही, आई."

"का नाय चालत?"

मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि त्यांचा भयंकर रागही येत होता. त्या मला किडनी द्यायला तयार होत्या, पण नातवाचा हट्ट सोडायला नव्हत्या. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही दोघी जेवणापुरतंच बोललो.

घरात बोलायची सोय राहिली नाही, म्हणून एका रविवारी नवऱ्याला खालापूरच्या टोलनाक्याअलीकडच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. "आता पुन्हा 'तू म्हणशील तसं' म्हणालास तर तुला इथंच टाकून जाईन," मी म्हटलं. त्यानं चहा निवू दिला. मग म्हणाला, "मला पोर हवं होतं गं. अजूनही हवंय. खोटं कशाला बोलू?" आणि थोड्या वेळानं, "पण तू झोपलीस की मी तुझे पाय दाबून बघतो. बोटाचा खड्डा पडतो तो भरूनच येत नाही. घाबरतो मी."

मला फार लागलं ते, आणि बरंही वाटलं. इतके दिवस आमच्या दोघांत पोराचा हव्यास मला एकटीलाच आहे असं वाटत होतं. तिथूनच डॉक्टरांना फोन केला. आधी मूल आणि मग इंजेक्शन, असं नाहीच का होणार? "या किडनीवर दिवस राहिले तर तुमचंही कठीण आणि बाळाचंही," ते म्हणाले. "नऊ महिने निघतील असं मला वाटत नाही." म्हणजे आम्ही तिघं ज्यावरून कुढत होतो, तो दुसरा रस्ता नव्हताच. घरी आल्यावर नवऱ्यानं तेच आईला सांगितलं.

इंजेक्शनच्या दिवशी आम्ही निघालो तर सासूबाई लुगडं बदलून रिक्षात आधीच येऊन बसल्या होत्या. पनवेलला बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या.

नर्सनं आधी एक डबी आणि पट्टी हातात दिली. "सगळ्या बायकांची करतो, मॅडम. दिवस असले तर देता येत नाही." मी बाथरूममध्ये गेले. या पट्ट्या मी आठ वर्षांत इतक्या बघितल्या आहेत, आणि दर वेळी दुसऱ्या रेघेसाठी देवाला हाका मारल्या आहेत. आज एकच रेघ यायला हवी होती. दुसरी आली असती तर? ती औषधं पोटात, ती किडनी. काय वाढत असतं ते, आणि मला त्याचं काय करावं लागलं असतं! सगळं माहीत होतं मला. तरी मी पट्टी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून दुसरी रेघ शोधत होते. पुसट तरी. वेड्यासारखी शोधत होते.

"निगेटिव्ह," नर्स म्हणाली, "छान."

याला छान म्हणणारं माणूस मला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं. मी खाटेवर आडवी झाले. ती शीर चाचपत होती. "रडू नका हो मॅडम, हात हलतोय, शीर सापडेना." मी दुसऱ्या हातानं तो हात गादीवर दाबून धरला.

"आता टोचा," म्हटलं.