रजत पंखाची गाठ

स्काउट-गाइडमधल्या लहान मुलींच्या बुलबुल पथकाची जबाबदारी मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी घेतली. चार माणसांत बोलताना माझा आवाज आजही बारीक होतो. सात-आठ वर्षांच्या मुलींसमोर तो निभावून जाईल, एवढ्याच आशेवर मी प्रशिक्षण पूर्ण केले. गाठी मात्र पुस्तकात पाहूनच शिकले.

त्या शनिवारी शाळेत 'रजत पंख' या बॅजची चाचणी होती. जाड आणि बारीक अशा दोन दोऱ्या जोडण्याची गाठ मारायची होती. गोळीबार चौकाकडच्या विणकर वस्तीतून येणाऱ्या एका मुलीने दोन्ही टोके चिमटीत धरली, अंगठ्यावरून वळसा दिला आणि ओढले. झालेसुद्धा! पुस्तकात आधी जाड दोरी दुमडायची होती.

"अशी नाही," मी म्हणाले.

"आबानं शिकवली, मॅडम. मागावर धागा तुटला का ते अशीच मारत."

"बुटाची लेस बांधून राहिली वं ही!" शेजारची खिदळली.

मी तिच्या नावापुढे फुली मारली. बाकी साऱ्याजणी बॅज लावून घरी गेल्या.

संध्याकाळी पिशवी आवरताना तिच्या दोऱ्या हाती आल्या. गाठ तशीच होती. ती जरा सैल करून मी पुस्तकातल्या चित्राशेजारी ठेवली. वळणे तीच, फास तोच. फक्त तिच्या विणकर आजोबांच्या पद्धतीने झटक्यात मारलेली.

सोमवारी तिला वर्गातून बोलावून हे सांगता आले असते. पण वर्गशिक्षिका काय म्हणतील, मुली हसतील, या विचाराने मी थांबले. घरी जाऊन सांगू, असे म्हणत तीन आठवडे गेले. मग ती शाळेतच येईना, तेव्हा बॅज पर्समध्ये घालून निघाले.

ती उंबऱ्यात बसली होती. "आबा परवा गेले," तिची आई म्हणाली.

मला बसायला खुर्ची दिली. मुलगी माझ्याकडे न पाहता बोलू लागली.

"मी आबाले सांगतलं होतं, तुमची गाठ चुकते म्हणून."

"मग?"

"म्हणे, असंन बाप्पा. मॅडम शिकलेल्या हायेत."

गाठ बरोबर होती, चूक माझी होती, हे मी कसेबसे सांगितले आणि बॅज पुढे केला.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं?"

तिने बॅज घेतला, आईच्या हातात दिला आणि ती आत निघून गेली.