बंद दुकानाच्या दारावरचा कागद

तुमच्या बाबांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्यात, असं तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, "आई, अण्णा रोज घेतच होते की. काय उपयोग झाला?" अण्णा म्हणजे तुमचे आजोबा. मी फोन ठेवून दिला. म्हणून हे तुम्हा दोघा नातवंडांना लिहिते आहे.

इथे कोल्हापुरात आमच्या गल्लीतला औषधवाला दुकानाच्या मागेच राहतो. आजोबांच्या गोळ्यांची पट्टी संपली की त्याच दिवशी नवी आणायची, ही आमची सवय. दुपारी शटर खाली असतं, पण बोळातल्या दारावर थाप मारली की तो हात धुऊन बाहेर येतो. एकदा मी म्हटलं, "जेवणावरून उठवलं तुम्हाला." तर म्हणाला, "काकू, शटर गिऱ्हाइकाला असतंय, तुम्हाला न्हाई. आवाज द्यायचा की."

जर्मनीत तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही खूप लहान होता. मुक्कामाच्या दिवसांइतक्या गोळ्या मी आणल्या होत्या. मग बाबांनी हौसेने आमची तिकिटं तीन आठवडे पुढे ढकलली. कपाटाच्या आत मी गोळ्यांचा तक्ता लावला होता. शेवटची गोळी ईस्टरच्या शनिवारी होती. आठवडाभर ते मला दिसत होतं. रविवारी सकाळी आणू, असं ठरवून मी निवांत होते.

रविवारी दहाला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन कोपऱ्यावर गेले. औषधाचं दुकान बंद. रस्त्यावर एकही दार उघडं नव्हतं. मी बाजूच्या दारावर थाप मारली. कुणी येईना, म्हणून पुन्हा मारली. वरच्या खिडकीतून एका बाईने पाहिलं, दुकानाच्या काचेवर लावलेल्या कागदाकडे बोट दाखवलं आणि खिडकी लावून घेतली. कागद जर्मनमध्ये होता. दुकानाच्या वेळा असतील, असं समजून मी परत फिरले. जन्मभर इंग्रजीवर सगळीकडे निभावलेलं. मला काही वाचता येत नाही, हे मुलाला सांगायला जीभ रेटली नाही.

आजोबांना तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "पोराला बोलू नकोस. गाडी काढून गावभर हिंडत बसंल. दोन दिस गोळी न्हाई घेतली तर काय मरतोय व्हय मी?"

"उद्याही सुट्टी आहे म्हणे."

"मग मंगळवारी आणू. तुझा तक्ता काय रडत न्हाई."

मी हसले आणि विषय सोडला. सोमवारी दुपारी डोकं जड झालंय म्हणून ते पडून राहिले. मंगळवारी सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, पण शब्द उमटेना.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मला इंग्रजीत विचारलं, "रक्तदाबाच्या गोळ्या नियमित घेत होते का?" तुमचे बाबा शेजारी उभे होते. मी म्हटलं, "हो, रोज."

संध्याकाळी तुमची आई मला धीर देत होती. म्हणाली, "आई, तुम्हाला काही औषध लागलं तर संकोच करू नका. इथे सुट्टीतही एक दुकान पाळीने उघडं असतं. बंद दुकानाच्या दारावर त्याचा पत्ता लावलेला असतो."

"या सुट्टीत कुठलं होतं?" मी विचारलं.

"चर्चच्या मागचं," ती म्हणाली.

तिथवर मी रोज संध्याकाळी चालत जात होते. दहा मिनिटं लागायची.

खरं काय ते त्या संध्याकाळी सांगता आलं असतं, नंतरही आलं असतं. आम्ही कोल्हापूरला परतलो. आजोबा दोन वर्षं अंथरुणावर होते. बोललेलं सगळं त्यांना समजायचं. उत्तर देता यायचं नाही. डॉक्टरांशी मी खोटं बोलले तेव्हाही ते शुद्धीवर होते आणि माझ्याकडेच बघत होते.

हे बाबांना आजच वाचून दाखवा. फोनवर माझ्या तोंडून निघणार नाही.